बाळाचे अंगडे आणि बर्फावरची बांधणी

महाराष्ट्रात तान्ह्या मुलाच्या अंगाला पहिल्याने जे वस्त्र लागते ते बहुधा नवे नसते. आजीचे जुने लुगडे, आजोबांचे झिजून मऊ झालेले धोतर, असल्या कापडाची बाळोती आणि दुपटी घरोघर शिवतात. या चालीला काटकसर म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आढळतात. परंतु तिच्यामागे शहाणपण आहे. शंभर वेळा धुतलेल्या कापडातली खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो, आणि सुताचा खरखरीतपणाही गेलेला असतो. पुढे बारशाच्या दिवशी रंगीत अंगडे, टोपडे व कुंची येते, आणि पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांबरोबर काळे झबले येते. म्हणजे मूल आणि रंग यांची गाठ सणासुदीला पडते, आणि तीही काही दिवस जाऊ देऊन.

अलीकडे पुष्कळ तरुण माता हे रंगीत कपडे विकत न आणता घरीच रंगवू लागल्या आहेत. त्यांत एक रीत अशी की पांढरे अंगडे गाठी मारून बांधावयाचे, त्यावर बर्फाचा थर द्यावयाचा आणि बर्फावर रंगाची कोरडी पूड भुरभुरावयाची. बर्फ वितळेल तसतसा रंग खाली उतरतो आणि कापडावर ढगांसारखी, मोरपिसासारखी चित्रे उमटतात. प्रकार मोठा मनोहर आहे, आणि घरच्या घरी साधण्याजोगा आहे. तथापि जे वस्त्र मूल दिवसभर अंगावर बाळगणार आणि ज्याचा काठ तोंडात घालून चोखणार, त्याचा विचार केवळ शोभेच्या दृष्टीने करून चालत नाही. मोठ्या माणसाच्या सदऱ्याचा रंग गेला तर सदरा खराब होतो. बाळाच्या अंगड्याचा रंग गेला तर तो बाळाच्या अंगावर आणि पोटात जातो. म्हणून या विषयाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे, की चित्र बर्फ काढतो, पण अंगडे बाळाच्या लायकीचे करते ते शेवटचे पाणी.

गोंदिया जिल्ह्यातील लोकांस रंगाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निराळा झालेला हा मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि रानाचा आहे. रानातून येणारा गोंद व लाख यांच्या व्यापारावरून गोंदिया हे नाव पडले, असे सांगतात. माघ-फाल्गुनात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूस गेले असता पळस असा फुललेला दिसतो की पान शोधूनही सापडत नाही. त्याच पळसावर लाखेचे किडे पोसतात आणि त्या लाखेपासून तांबडा रंग निघतो. याच रानात हिरडा मिळतो, आणि हिरडा तर रंगाऱ्याचा जुना सोबती आहे. या गावांत होळीला पळसाच्या फुलांचे पाणी करून उडविण्याची रीत होती. कित्येक घरी ती अद्यापही आहे.

म्हणून प्रथम पळसाचेच सांगणे योग्य. सुती कापडास पळसाचा रंग नुसता लावला तर तो एका धुण्यात फिका पडतो, कारण सुताला रंग धरून ठेवण्यास मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे तुरटी. आणि सुताशी तुरटीचे सख्य जुळावे म्हणून आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते. कापड सोडा-साबणात उकळून त्याची खळ काढावी. मग ते हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात काही तास भिजवून पिळावे. नंतर कापडाच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी तुरटी ऊन पाण्यात विरघळवून त्यात ते रात्रभर ठेवावे. कापडाच्या वजनाइतकी वाळलेली फुले तासभर मंद आचेवर उकळून ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे, आणि बांधलेले कापड त्यात सोडून पुन्हा मंद आच द्यावी. याने पिवळा रंग चढतो. त्या पाण्यात किंचित चुना मिसळला तर तो केशरीकडे झुकतो. उन्हात हा रंग हळूहळू विटतो, हे त्याचे उणे. पण बाळाचे अंगडे चार-सहा महिन्यांत तोकडे होणारच, तेव्हा हे उणे फारसे मनावर घेण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. झाडापासून निघालेला रंग म्हणजे निर्धोक रंग, असे सरसकट समजण्याचा हल्ली प्रघात पडला आहे. रंग झाडाचा असला तरी त्यास पक्के करण्यासाठी काय वापरले, हा प्रश्न उरतोच. तुरटी चालेल. परंतु हिरवट छटा यावी म्हणून मोरचूद, किंवा रंग खुलावा म्हणून क्रोमचे नारिंगी खडे घालण्याची कृती कोणी सांगितली, तर ती मुलाच्या कपड्यास मुळीच करू नये. हे दोन्ही पदार्थ विषारी आहेत.

आता बांधणीविषयी दोन शब्द. कापडाला चिमट्या घेऊन दोरा आवळावयाचा, म्हणजे आवळलेल्या जागी रंग शिरत नाही आणि तेथे पांढरा ठिपका राहतो, ही कला फार पुरातन आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील ठिपक्यांच्या वस्त्रांत अभ्यासकांना तिची खूण दिसते. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचे वर्णन आहे; त्यात बांधून रंगविलेल्या वस्त्रांचा उल्लेख येतो. पुढे कच्छ, जामनगर आणि राजस्थान येथील कारागिरांनी ही कला इतकी वाढविली की वीतभर कापडात शेकडो गाठी बसतात. जपानात हिचीच बहीण शिबोरी या नावाने नांदते. म्हणजे बर्फाची रीत नवी असली तरी गाठीची रीत अगदी आपल्या घरची आहे.

बर्फ मात्र या देशात पाहुणा म्हणून आला. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून निघालेले बर्फाचे जहाज कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा लोकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल याची कल्पनाच करावी. आज गोंदिया जिल्ह्यातील लहान गावीही शीतकपाट असते आणि तळ्यांतली मासळी बर्फात घालून बाजाराला जाते. मात्र मासळीसाठी वापरावयाचा कारखान्याचा बर्फ खाण्याचा नसतो. तो ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळसर रंग घालण्याचा नियम झाला आहे. अंगडे रंगविण्यास हा बर्फ आणू नये. घरच्या स्वच्छ पाण्याचा पांढरा बर्फ घ्यावा. दोन-तीन दिवस आधीपासून वाट्यावाट्यांनी गोठवून साठविला, म्हणजे पुरेसा जमतो.

बर्फ आणि रंग यांचा एक जुना संबंध आहे, आणि तो जाणून घेणे हिताचे आहे, कारण नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून पहिला कृत्रिम रंग केला, आणि त्यानंतर अशा रंगांचा पूर लोटला. त्यांतील काही रंग कापडावरच दोन द्रव्यांचा संयोग घडवून तयार करीत. त्यांपैकी एक द्रव्य उष्णतेने बिघडत असल्यामुळे ते बर्फात थंड ठेवावे लागे, म्हणून त्यांना बर्फाचे रंग असेच नाव पडले. नॅफ्थॉलचे रंग म्हणून हातमागाच्या गावांत प्रसिद्ध असलेले रंग ते हेच. कापडावर ते पक्के बसतात, पण ते तयार करण्यास लागणाऱ्या द्रव्यांपैकी काही फार घातक ठरली.

ते कसे कळले, हेही सांगण्यासारखे आहे. १८९५ साली फ्रँकफुर्ट येथील शल्यवैद्य लुडविग रेन यांनी, रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मजुरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे वैद्यांच्या सभेपुढे मांडले. पुढील काळात या रोगाचा बेन्झिडिन व तत्सम द्रव्यांशी असलेला संबंध उघड झाला. भारत सरकारने १९९३ साली बेन्झिडिनपासून होणाऱ्या ४२ रंगांवर व १९९७ साली आणखी ७० रंगांवर बंदी घातली. हे सर्व ॲझो नावाच्या मोठ्या कुळातले रंग होत. त्या कुळातला प्रत्येक रंग वाईट असतो असे नाही. ज्या रंगांचे विघटन होऊन तसली घातक द्रव्ये सुटतात, तेवढेच निषिद्ध मानले आहेत. नॅफ्थॉलच्या रीतीत वापरली जाणारी फास्ट ब्लू बी नावाची पूड तसल्याच निषिद्ध द्रव्यापासून होते. तात्पर्य, बाजारात जाऊन नुसते बर्फावर लावावयाचे रंग द्या, असे मोघम मागू नये. आणि ज्या पुडीवर नाव, जात व बनविणाराचा पत्ता नाही, अशी सुटी पुडी स्वस्त मिळाली तरी मुलाच्या कपड्यासाठी घरात आणू नये.

मग मागावयाचे काय? सुतासाठी असलेले रिॲक्टिव्ह रंग, त्यांतही थंड पाण्यात लागणारे, ज्यांस दुकानदार कोल्ड ब्रँड म्हणतात, ते मागावे. या रंगांचा शोध रॅटी आणि स्टीफन या दोघा रसायनज्ञांनी १९५४ साली इंग्लंडात लावला आणि १९५६ साली ते बाजारात आले. त्यापूर्वीचे पुडीचे रंग सुतावर नुसते बसून राहत. पाण्यात टाकले की थोडे उठून जात. हे नवे रंग सुताशी रासायनिक रीतीने जोडले जातात, म्हणजे रंगाचा कण हा धाग्याचाच एक भाग होतो. ही जोडणी होण्यास क्षार लागतो, आणि तो क्षार म्हणजे धुण्याचा सोडा. खाण्याच्या सोड्याने हे काम होत नाही. मीठ आणि व्हिनेगर यांनी रंग पक्का होतो, अशी एक समजूत आहे. मिठाने रंग सुताकडे ओढला जातो हे खरे, पण जोडणी मिठाने होत नाही. व्हिनेगर तर आंबट असल्यामुळे सोड्याचा गुणच मारून टाकतो.

बर्फाची करामत आता सहज समजेल. दुकानातला जांभळा, तपकिरी किंवा काळा रंग बहुधा दोन-तीन रंगांच्या मिश्रणाने केलेला असतो. पूड एकदम पाण्यात ढवळली तर सर्व घटक एकजीव होतात आणि एकच रंग दिसतो. बर्फावर ती टाकली म्हणजे पाणी थेंबाथेंबाने मिळते. एक घटक लवकर विरघळतो, दुसरा उशिरा. एक सुताला आधी चिकटतो, दुसरा पुढे वाहत जातो. त्यामुळे जांभळ्यातून गुलाबी व निळा निराळे होतात आणि काळ्याच्या कडेने निळ्या व लालसर झाका फुटतात. ज्या पुडीत एकच रंग आहे, तिच्यातून अशी फूट होत नाही. केवळ गडद-फिक्या छटा मिळतात. म्हणून पूड निवडताना हे ध्यानात ठेवावे.

आता कृती. कपडा शंभर टक्के सुती असावा. टेरिकॉटमधल्या कृत्रिम धाग्यावर हा रंग चढत नाही. आणि भंडाऱ्याकडील कोसा कितीही सुंदर असला तरी सोड्याने रेशमाला इजा पोहोचते, म्हणून त्याच्या वाटेस जाऊ नये. नवे अंगडे असेल तर आधी उकळून त्याची खळ काढावी. एक लिटर पाण्यास सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, या प्रमाणात पाणी करून त्यात कपडा १५ ते २० मिनिटे भिजवावा आणि घट्ट पिळून घ्यावा. सोड्याने हाताची कातडी सोलते, म्हणून रबरी मोजे घालावे. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याने खराब होते, यास्तव प्लॅस्टिकची बादली किंवा पोलादी भांडे घ्यावे. आणि एकदा या कामास लागलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, हा नियम कटाक्षाने पाळावा.

पिळलेला कपडा मग हवा तसा बांधावा. ठिपके हवे असतील तर आत हरभरा किंवा तुरीचा दाणा धरून दोरा आवळावा. धानाच्या जिल्ह्यात धान हाताशी असते खरे, पण त्याच्या टोकाने मऊ कापडास भोक पडते, म्हणून ते वापरू नये. किती दाणे बांधले ते मोजून कागदावर लिहून ठेवावे, आणि सोडताना तितकेच परत मोजून घ्यावे. एखादा दाणा किंवा दोऱ्याचा तुकडा शिवणीत राहिला आणि तो मुलाने तोंडात घातला, तर सगळ्या हौसेवर पाणी पडेल.

बुरडाकडून या कामासाठी एक निराळी रोवळी आणावी व ती बादलीवर ठेवावी, म्हणजे वितळलेले मळकट पाणी खाली निथळेल आणि कपडा त्यात बुडून राहणार नाही. रोवळीत बांधलेला कपडा मांडून त्यावर दोन-तीन बोटे जाडीचा बर्फाचा थर द्यावा. पाव किलो कापडास दोन ते तीन चहाचे चमचे पूड पुरते. ती भुरभुरण्यापूर्वी पंखा बंद करावा, नाकातोंडावर पट्टी बांधावी, आणि मूल दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर असावे. या रंगांची कोरडी धूळ वारंवार नाकात गेल्याने दम्याचा विकार जडलेल्या कामगारांची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत. पूड एकदा ओली झाली की ही भीती उरत नाही.

येथे गोंदियाच्या हवेचा विचार करावा लागतो. वैशाखात या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी भर दुपारी बर्फ मांडला तर तो घटकाभरात पाणी होऊन जाईल आणि रंगांची फूट पडण्यास अवसर मिळणार नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम सूर्य मावळल्यावर, घरातल्या गार कोपऱ्यात, वर ओले पोते झाकून करावे. परंतु गारवा हा चित्रापुरताच उपयोगी असतो. सुताशी रंगाची जोडणी गोठणबिंदूच्या आसपास फारच मंद चालते. ती होण्यास ऊब हवी. बर्फ वितळल्यावर कपडा तसाच ओला, झाकलेला ठेवून दुसऱ्या दिवसाची ऊब त्यास मिळू दिली पाहिजे. एकंदर २४ तास तरी थांबावे. पौष-माघातील थंडीत याहून अधिक वेळ द्यावा आणि दिवसा बादली झाकून उन्हात ठेवावी. बर्फ संपला म्हणजे काम संपले, असे समजून लगेच कपडा धुणारीच्या हाती फिका रंग येतो, आणि दोष मात्र पुडीला दिला जातो.

यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे आहे. रंग कितीही उत्तम असला तरी त्याचा सगळा भाग सुताशी जोडला जात नाही. चौथा-पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, पाण्याशीच संयोग पावतो आणि मग तो सुताशी जोडला जाण्यास असमर्थ होऊन धाग्यात नुसता अडकून राहतो. मुलाच्या घामाने व लाळेने सुटतो तो हाच भाग. तो काढण्यासाठी कपडा आधी गार पाण्यात तीन-चार वेळा खळबळून सोडा काढावा. मग गाठी सोडाव्या, दाणे मोजावे, आणि हाताला सोसणार नाही इतक्या कढत पाण्यात साबण घालून काठीने ढवळावा. ते पाणी गार होईपर्यंत कपडा तसाच ठेवून पाणी बदलावे, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे करीत राहावे. गार पाण्याने कितीही धुतले तरी हा अडकलेला रंग पुरता निघत नाही, हे अनेकांस ठाऊक नसते.

अशा वेळी घरोघर एकच संभाषण ऐकू येईल. सून म्हणते, “आई, इतका गरम पाण्यात उकळला तर रंग सगळा निघून जाईल हो.” सासू म्हणते, “जाणारा आत्ताच जाऊ दे बाई. राहणारा राहील. मग त्याच्या तोंडात जाण्यापेक्षा मोरीत गेलेला काय वाईट?” या उत्तरात रंगशास्त्राचे तत्त्व पुरतेपणी आले आहे. पक्का झालेला रंग कढत पाण्याने जात नाही. जातो तो जाण्याच्याच लायकीचा असतो.

धुणे झाल्यावर परीक्षा घ्यावी. पांढऱ्या स्वच्छ फडक्यास साबणाचे पाणी लावून ते अंगड्यावर, विशेषतः गडद भागावर, जोराने घासावे. दुसरे ओले पांढरे फडके अंगड्यात गुंडाळून वर जड वस्तू ठेवून रात्रभर राहू द्यावे. सकाळी दोन्ही फडकी पांढरीच असली तर अंगडे उत्तीर्ण झाले. रंगाचा लवलेशही दिसला तर पुन्हा कढत पाणी. संक्रांतीच्या काळ्या झबल्यास ही कसोटी दोनदा लावावी, कारण काळ्या रंगास पूड सर्वांत अधिक लागते आणि म्हणून अडकून राहिलेला रंगही त्यातच सर्वांत अधिक असतो. शेवटी कपडा नुसत्या पाण्यातून काढून वाळवावा आणि मुलास प्रथम थोडा वेळ घालून पाहावा. कातडीवर लाली किंवा पुरळ दिसले तर तो तत्काळ काढावा आणि डॉक्टरांस दाखवावे. एक महिन्याच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा मूळचेच इसब असलेल्या मुलास तर आजीच्या लुगड्याचे पांढरे दुपटेच उत्तम. त्याच्या वाट्याची हौस पुढे करता येते.

रंगाचे उरलेले पाणी टाकण्याचाही विवेक असावा. गोंदिया जिल्हा तळ्यांचा व बोड्यांचा आहे; नवेगाव बांधसारखे जलाशय कोहळी मंडळींनी पिढ्यांपूर्वी बांधले, आणि गावोगावच्या बोड्यांवर धान, शिंगाडा व मासळी यांचे जीवन अवलंबून आहे. सोड्याचे रंगीत पाणी बोडीच्या काठी किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते सांडपाण्याच्या मोरीतच भरपूर पाण्याबरोबर सोडावे. एका घरच्या बादलीने तळे बिघडत नाही हे खरे. पण सवय एका घराची राहत नाही, ती गावाची होते.

पळस चांगला की बर्फ, असा वाद या विषयात नेहमी निघतो. त्याचे उत्तर असे की, दोन्ही आपापल्या जागी चांगले. पळस फुकट मिळतो, त्याची पूड नाकात जाऊन दमा होत नाही, आणि बर्फ व वीज यांवाचून त्याचे काम भागते. पण त्याला आच, हिरडा व तुरटी यांचा व्याप लागतो आणि रंग एकाच घराण्यातले निघतात. बर्फाच्या रीतीने नाना रंग मिळतात आणि ते टिकतात. पण पूड हाताळण्यात व धुण्यात दक्षता ठेवावी लागते. आळशी हाताला दोन्ही रीती धोक्याच्या, आणि काळजीवान हाताला दोन्ही सोप्या. ज्या घरात वाळलेली फुले व तुरटी आहे त्या घराने पहिले अंगडे पळसाचे करावे. हात बसला म्हणजे मग बर्फाकडे वळावे.

बाजारात तयार रंगीत कपडे स्वस्त मिळत असता हा सारा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. विकतच्या कपड्याचा रंग कोणी, कशाने आणि किती धुऊन दिला, हे घेणाराला कळण्याचा मार्ग नसतो. घरी रंगविलेल्या अंगड्याचे तसे नाही. त्यात काय घातले हे आईला ठाऊक असते, आणि ते किती पाण्यांतून निघाले हे आजीने मोजलेले असते. विकत आणलेले अंगडेही याच कसोटीस लावावे, कढत पाणी दाखवावे आणि मगच मुलाच्या अंगावर चढवावे. जुन्या लुगड्याला जो गुण शंभर धुण्यांनी येतो, तो नव्या कापडास आणावयाचा तर त्यास थोडे श्रम पडणारच. ते श्रम ज्या अंगड्यावर झाले, ते बाळाने खुशाल तोंडात घालावे.